बॉनेटचा टेकू

माझ्या डाव्या हाताचं मधलं बोट आजही सरळ होत नाही, आणि राग तर मुळीच गेलेला नाही. तेव्हा जळगावात माझं गॅरेज होतं. असोद्याचे एक केळीवाले आबा जुनी मोटार घेऊन यायचे. तिच्या बॉनेटच्या स्प्रिंगा पार ढिल्या झालेल्या, ते वर उभंच राहायचं नाही. "केळीच्या घडाले टेकू चालतो, मंग हिले का नही?" म्हणत आबा बागेतला बांबू लावायचे.

एकदा बांबू सटकला आणि बॉनेट माझ्या हातावर आदळलं. आबा धावले, ते बॉनेटला पोचा आला का बघायला!

"आत्ताच्या आत्ता धुळ्याहून नव्या स्प्रिंगा आणा!" मी ओरडलो.

आबांनी शांतपणे डिकी उघडली. कागदात गुंडाळलेल्या कोऱ्या स्प्रिंगा वर्षभर तिथेच पडून होत्या.

"जुन्या अजून तुटल्या कुठे व्हत्या?"