मामाच्या ठेक्यातले दोन सेकंद

तमाम सोयरेधायरे, शेजारीपाजारी आणि वारासिवनीच्या त्या लग्नात जेवून गेलेली समस्त मंडळी यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, त्या दिवशी डीजेवर जो ढोलकीचा ठेका सुटला, तो माझ्या मामाच्या हातून सुटलेला नव्हता. तो मी सोडवला. पूर्ण शुद्धीत, दिवसाढवळ्या, बालाघाटच्या माझ्या राहत्या घरी, कॉम्प्युटरसमोर बसून. एकदा नव्हे, सहा वेळा. तरी मामाला हसणं ताबडतोब बंद करावं.

आता खुलासा करतो.

माझा मामा खैरलांजीकडचा. वर्षभर धान, आणि दिवाळी झाली की दंडार. दंडार म्हणजे आमच्या भागातला गाण्याचा, नाचाचा आणि सोंगांचा खेळ. त्यात मामा ढोलकीवर. वीसेक वर्षांपूर्वी लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एका हौशी माणसानं या मंडळींना वारासिवनीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये बसवलं आणि सात गाणी एका दमात रेकॉर्ड करून त्याची सीडी काढली. एकच सीडी. गाणी बदलत जातात, पण मधे ढोलकी थांबत नाही. पहिल्या गाण्याच्या पहिल्या थापेपासून सातव्याच्या शेवटच्या थापेपर्यंत ठेका अखंड. हा मामाचा जन्माचा अभिमान. कुणीही घरी आलं की पाणी नंतर, आधी हे वाक्य: "गाने सात, पन ठेका एक!"

त्याच रेकॉर्डिंगवरून मामीचा जन्माचा राग. त्या दिवशी ती नवी जांभळी साडी नेसून, डबा घेऊन, बसनं वारासिवनीला गेली होती. उशिरा पोचली, हॉलचं दार उघडून आत आली, बायकांत बसली. घरी आल्यावर मामा विचारतो, "तू आलतीस? मले त काई दिसलं नाही. ठेक्यात होतो ना मी." तेव्हापासून भाजीत मीठ कमी असो की दाराला नवा पडदा लागलेला असो, मामाच्या ध्यानात आलं नाही की मामी सगळ्यांसमोर म्हणणार, "याहिले मी दिसली नाही, पडदा काय दिसनार!"

आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो, ती तेव्हा मला क्षुल्लक वाटायची. मामा ती सीडी लावून बसला की पाचव्या गाण्याला त्याला हमखास तहान लागायची. "पानी आन व!" अशी हाक मारायचा की भिंत हलावी. मामी उठून आत जायची.

गेल्या वर्षी मामाच्या पुतणीचं लग्न निघालं आणि मला अवदसा आठवली. म्हटलं, या सीडीच्या कॉपी काढून पाहुण्यांना वाटू. ऑनलाइन एक बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह मागवला, 'कॉपी' लिहिलेलं बटण दाबलं, बारा सीडी भाजून काढल्या. एकही ऐकून पाहिली नाही. वर कव्हरवर मामाचा ढोलकीसकट फोटो छापला.

हळदीला डीजेवाल्यानं ती लावली. मामाची ढोलकी घुमू लागली, बाया नाचायला उठल्या. पहिलं गाणं संपत आलं, ढोलकी चढत चालली, आणि एकदम गप्प. सगळ्यांचे हात हवेत. दोन सेकंद मांडवात फक्त जनरेटरचा आवाज. मग दुसरं गाणं धाडकन सुरू. दुसऱ्याच्या शेवटी पुन्हा तेच. तिसऱ्याला तर पोरी आधीच थांबून, कमरेवर हात ठेवून मोजायला लागल्या, "एक, दो!" मामाचे जुने जोडीदार पेटीमास्तर, म्हणजे दंडारीत पेटी वाजवणारे, खुर्चीवरून ओरडले, "अबे, ठेका एक म्हनत होता ना तू? हे त राजेगावची बस झाली! हरेक गावाले थांबून राह्यली!"

मांडव कोसळला हसून. त्या दिवसापासून मामाचं नाव पडलं 'राजेगाव बस'.

चार दिवसांनी मामा बालाघाटला माझ्या दारात हजर. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. मामानं रीत पाळली. वाकला, माझ्या पायांना हात लावला, सरळ झाला आणि मग सुरू झाला.

"भाचेबुवा, तुमी मले जिता मारला! मी जिंदगीत ठेका सोडला नाही, आन तुमी सहा बार सोडवला! लहान लहान लेकरं मले हॉर्न वाजवून दाखवून राह्यले!"

मग त्यानं दुपट्ट्यात गुंडाळलेली मूळ सीडी माझ्या हातात दिली. "एकदम हुबेहूब पाह्यजे. जसं त्यात हाय तसं. कमी नाही, जास्ती नाही. मी पेटीमास्तरले बोलावतो. साऱ्याहिच्या समोर आयकू द्या."

मी अभ्यासाला लागलो, आणि काय सांगू, वेडाच झालो! गुन्हेगार पहिल्याच दिवशी सापडला. मी ज्या पद्धतीनं सीडी भाजल्या, तीत मशीन एकेक गाणं सुटं लिहितं आणि दोन गाण्यांच्या मधे आपल्या मनानं दोन सेकंदांची शांतता घालतं. पूर्ण सीडी एकसलग लिहायचा पर्याय तिथेच खाली होता, मी बघितलाच नव्हता. सहा सांधे, सहा शांतता. मामा निर्दोष!

पण नुसता सांधा मिटवून माझं समाधान होईना. हुबेहूब म्हणजे हुबेहूब. मी एक असा प्रोग्रॅम मिळवला, जो सीडीचा प्रत्येक तुकडा पुन्हा पुन्हा वाचतो आणि दोन वाचनं तंतोतंत जुळल्याशिवाय पुढे सरकत नाही. शेवटी प्रत्येक गाण्यासाठी एक लांबलचक आकडा देतो. आवाजात केसाएवढा फरक असला तरी आकडा बदलतो. सीडी पुसायचीही रीत असते: मधून कडेकडे, सरळ. मामा ती वीस वर्षं दुपट्ट्यानं गोल गोल पुसत आला होता, ताट पुसावं तशी. त्यामुळे मशीन एका जागी अडलं की तासभर गुरगुरत बसायचं आणि मी बाजूला उभा राहून त्याला "शाब्बास! शाब्बास!" म्हणायचो. बायकोनं दोनदा माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

मग कॉपी भाजली, सर्वांत हळू वेगानं, एकसलग. ती परत वाचली. मूळ सीडीचे सात आकडे कागदावर लिहिले होते, ते बायको मोठ्यानं वाचत होती आणि मी पडद्यावर बोट फिरवत होतो. पहिला जुळला. दुसरा जुळला. सातवा जुळला तेव्हा मी खोलीत अशी गिरकी घेतली की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं.

आणि मग, केवळ आनंदासाठी, सीडी पहिल्यापासून ऐकली. पाचव्या गाण्यात दाराचा कर्रर्र आवाज. एका बाईचा दबका आवाज. आणि लगेच ढोलकीची एक थाप गायब!

ओरखडा असेल म्हणून मूळ सीडी शेजाऱ्यांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये वाचली. आकडा तोच. पुन्हा वाचली. तोच. भोक सीडीत नव्हतं. भोक ठेक्यात होतं. मामाला फोन लावला, "मामा, पाचव्या गाण्यात एका ठिकाणी..."

"हॅलो? हॅलो? आवाज नाही येऊन राह्यला!" आणि फोन बंद. दोनदा लावला. दोन्ही वेळेला पाचवं गाणं म्हटलं की रेंज गेली.

मी मोहात पडलो, कबूल करतो. शेजारची एक थाप उचलून भोकात चिकटवली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. बायको म्हणाली, "मामानं काय सांगितलं होतं? कमी नाही, जास्ती नाही." मी हात मागे घेतला.

रविवारी सकाळी खैरलांजीला मामाच्या ओसरीवर बैठक बसली. पेटीमास्तर पाटावर, मांडीवर बोटं धरून. मामा नवीन बंडी घालून. मामी सुपात वाटाण्याच्या शेंगा सोलत. मास्तरांनी अट घातली, "मधात कोनी बोलायचं नाही."

मी बटण दाबलं. पहिलं गाणं संपत आलं, ढोलकी चढली, सगळ्यांनी श्वास धरला आणि ढोलकी तशीच दुसऱ्या गाण्यात शिरली, जशी पाण्यातून मासोळी जावी! मास्तरांनी मान हलवली. दुसरा सांधा, सलग. तिसरा, सलग. चौथं गाणं चालू असतानाच मास्तर उठून उभे राहिले आणि त्यांनी कान धरले. "हौ बाप्पा, चुकलो. तुया ठेका नाही सुटला. बस म्हनलो ते वापस घेतलो."

मामाचं तोंड सुपाएवढं झालं. "झालं ना? बंद करा आता, भाचेबुवा. च्या घेऊ."

"बंद काहून?" मास्तर खाली बसले. "पुरं आयकू ना."

पाचवं गाणं सुरू झालं. मामानं घसा खाकरला. "पानी आन..."

मामीनं मान वर न करता पायापाशी ठेवलेला तांब्या त्याच्याकडे सरकवला. उठायची गरजच नव्हती. आज तिनं आधीच भरून आणला होता. मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं.

सीडीत दार कर्रर्र वाजलं. बांगड्या किणकिणल्या. दबका, तरणा आवाज आला, "सरक ना व माय थोडी." आणि ढोलकीची थाप चुकली.

"पकडला!" मास्तर ओरडले. "सुटला! सुटला!"

मामानं माझ्याकडे पाहिलं. "भाचेबुवा, हे तुमचं होय का माह्यं?"

"मामा, हे तुमचं."

मामा तांब्या तोंडाला लावून प्यायला लागला, पण सगळं पाणी बंडीवरच सांडलं. कान लालबुंद. मामीच्या हातातली शेंग अर्धी सोललेली राहिली. तो आवाज तिचा होता. दर वेळी पाण्याला आत गेलेल्या तिनं तो वीस वर्षांत पहिल्यांदा ऐकला. तिनं सूप बाजूला ठेवलं, पदर सावरला आणि मास्तर, मी, सगळं विसरून मोठ्यानं ओरडली,

"म्हंजे तुमी पाह्यलं होतं मले!"