केसरबाईंच्या दारापुढचा रस्ता

सुखदा रस्त्यांचे आराखडे करायची. जुन्या, खचलेल्या डांबरी रस्त्यावर काँक्रीटचा थर किती जाडीचा टाकायचा, हे ठरवणं तिचं काम. मोशीच्या रस्त्याचा आराखडा होत आला होता. शेवटची पाहणी करायला गेली, तेव्हा तिला केसरबाई भेटल्या.

त्यांचं घर रस्त्याला लागूनच. डांबराचे थरावर थर पडत गेले आणि घर खाली राहिलं. रस्त्यावर यायला आता दोन पायऱ्या चढाव्या लागत. नवरा, अर्जुनराव, लकव्यानंतर चाकाच्या खुर्चीत.

"शिमिटाचा रस्ता आनखी किती वर येनार?" केसरबाईंनी विचारलं.

"वीतभर येईल, मावशी."

"मग ह्यास्नी भाईर कसं काढायचं? पोरगं कंपनीत जातंय. मला एकटीला उचलवत न्हाई." आवाजात तक्रार नव्हती. त्या खरंच विचारत होत्या.

आतून अर्जुनराव अडखळत म्हणाले, "पोरीला पानी दे आदी."

सुखदा पाणी प्यायली आणि निघताना दोन्ही पायऱ्यांची उंची मोजून घेतली.

दुसऱ्या दिवशी तिने मधुसूदन सरांकडे, आपल्या वरिष्ठांकडे, विषय काढला. "आधी जुनं डांबर खोल खरवडलं तर?"

"खाली चांगलं डांबर उरायला हवं. नाहीतर काँक्रीटला आधार राहत नाही, तडे जातात."

"भोकं पाडून नमुने काढू या, सर."

सरांनी आराखडा पुढे ओढून पाहिला. "काढ. पण डांबर कमी निघालं तर हट्ट धरायचा नाही."

नमुने निघाले. वरचे थर भुगा झालेले, खालचे मात्र घट्ट, आणि सगळे मिळून तिच्या अंदाजापेक्षा कितीतरी जाड. सुखदाने पुन्हा मोजलं, मग आराखडा नव्याने मांडला. वरचे थर काढून काँक्रीट टाकलं, तर रस्ता पायरीभर खाली येणार होता. सरांनी सगळं तपासलं आणि सही केली.

थंडीत नवा रस्ता वाहतुकीला खुला झाला. सुखदा बघायला गेली. उरलेल्या एका पायरीवर केसरबाईंच्या मुलाने सिमेंटचा उतार करून घेतला होता. अर्जुनराव रस्त्याकडेला उन्हात बसले होते. दुचाकीवरून जाणारा एक जुना सोबती थांबला.

"अर्जुनराव, भाईर कवा आलासा?"

अर्जुनरावांनी सोबत्याचा हात धरला आणि धरूनच ठेवला. केसरबाईंनी पदराने डोळे टिपले, मग लांब उभ्या सुखदाला बघून हाक मारली, "च्या टाकलाय, ये."

ऑफिसला उशीर होत होता. तरी सुखदा चप्पल काढून आत गेली.