वॉशिंग मशीनच्या काउंटरवर

मारुती मंदिराजवळच्या एका दुकानात मी वॉशिंग मशीन विकायचे, तेव्हा कंपनीचा एक माणूस येऊन आम्हाला ऐकायला शिकवून गेला. गिऱ्हाइकाला मध्येच तोडायचं नाही, त्याचंच म्हणणं त्याला परत विचारायचं, मान डोलवायची. दिवसभर उभं राहून माझ्या पोटऱ्या आधीच भरून यायच्या. आता मानेचंही काम वाढलं.

त्याच आठवड्यात जयगडकडच्या एक काकी एसटीने आल्या. मुलगा बंदरात कामाला. ‘ऑटोमॅटिकच घे’ असं त्याने बजावून पाठवलं होतं. मी झाकण उघडून दाखवायला लागले, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

“याचा आवाज किती होतो गो?”

“आवाजाची काळजी वाटते का, काकी?” मी शिकवल्याप्रमाणे विचारलं.

“सासू अंथरुणावर हाय. जरा कुठे डोळा लागतो तिचा.”

त्या थांबल्या. मीही गप्प राहिले. खरं तर बोलायचा कंटाळाच आला होता. मग त्या आपणहून सांगत गेल्या. रोज चादरी धुवायच्या, त्या पिळून मनगटं सुजलेली.

“पाणी नळाचं आहे का?”

“कुठला नळ? विहिरीवरून कळशीनं आणायचं.”

ऑटोमॅटिकला नळ लागतो, ते तिथे नुसतं उभं राहिलं असतं. मी दोन टबांचं साधं मशीन दाखवलं. पाणी बादलीने ओतायचं, पिळायचं काम मशीन करतं, आणि मागच्या पडवीत ठेवलं की आवाज आत फारसा जात नाही. त्यांनी मुलाला फोन लावला, थोडा वाद झाला, आणि तेच घेतलं. स्वस्तातलं मशीन खपवलं म्हणून मालकांच्या कपाळावर आठ्या पडल्या, मी तिकडे पाहिलं नाही.

दोनेक महिन्यांनी त्या पुन्हा दारात दिसल्या. आता तक्रार ऐकायची, या विचारानेच मी थकले.

“बिघडलं का, काकी?”

“मशीन बरं हाय. सासू गेली.” त्या मशीनच्या रांगेकडे बघत राहिल्या. “बाजारात आले होते. झील बंदरात ड्युटीवर असतो. बोलायला कोण नाय घरात.”

आता त्यांचंच वाक्य त्यांना परत विचारायला हवं होतं. मला ते जमलं नाही. मी स्टूल ओढून त्यांना बसवलं आणि शेजारच्या खोक्यावर स्वतःही टेकले. आम्हा विकणाऱ्यांना दुकानात बसायची मुभा नव्हती. त्या सासूबद्दल बोलल्या, बरंचसं गाऱ्हाणंच होतं. मध्येच रडल्या. मग एसटीची वेळ झाली म्हणून निघून गेल्या.

एक जोडपं गॅरंटी विचारत उभं होतं. मी गुडघ्यावर हात टेकून उठले.