बंदुकीवर घातलेलं नाव

आमच्या घरातल्या बंदुकीवर माझं नाव आहे. लाकडी दस्त्यात रुपयाएवढी पितळी चकती बसवलेली आहे आणि तिच्यावर, स्टीलच्या डब्यावर असतं तसं, टिपक्याटिपक्यांनी माझं नाव घातलेलं आहे. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. गेल्या खेपेला ती परत आली तेव्हा नातीने ते नाव वाचलं. तिचं मराठी वाचन म्हणजे बंद पडलेली गाडी ढकलत नेणं. शेवटच्या अक्षराला पोचली आणि म्हणाली, "आजी, तू शूटर होतीस?"

"नाही गं, मी संशयी होते."

"होतीस?" आतून तिची आई म्हणाली.

असो. बंदूक मुळात सासऱ्यांची. जुनी फौजी थ्री-नॉट-थ्री, दर गोळीला हाताने खटका मागे ओढून पुढे ढकलायची. मराठवाड्यातल्या शेतात रानडुकरं शिरायची म्हणून रीतसर परवान्याने घेतलेली. पुढे शेत विकून आम्ही हैदराबादला, बरकतपुऱ्यात आलो. डुकरं तिकडेच राहिली, बंदूक मात्र आली. इथे मामंजींनी तिच्यातून एकही गोळी झाडली नाही, पण दर रविवारी पंच्यावर ती आडवी घेऊन तेलाच्या फडक्याने पुसायचे. खंडेनवमीला देवापुढच्या पाटावर विळा, अडकित्ता, माझी शिवणाची कात्री आणि मधोमध झेंडूची माळ घातलेली बंदूक, अशी मांडणी असायची.

मग वीसेक वर्षांपूर्वी परवान्याचं नूतनीकरण अडलं. फौजी काडतुसाची बंदूक यापुढे घरी ठेवता येणार नाही, असं कचेरीतून कागदावर आलं. एक तर ती कायमची जमा करा, नाही तर परवानगी असलेल्या तीनशे पंधरा बोरची करून घ्या, तीही परवानाधारक कारागिराकडून. मामंजी तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. दोन दिवस ताटातली अर्धी भाकरी परत गेली. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "सूनबाई, खंडेनवमीला ती पाटावर असली म्हणजे झालं."

मी पंचेचाळिशीची होते आणि जगातलं सगळं मला कळतं अशी माझी पक्की समजूत होती. काडतूस बदलायचं म्हणजे वेगळी गोळी घातली की झालं, असं मला वाटे. कारागिराकडे मामंजी आणि मी आधी नुसती चौकशी करायला गेलो. म्हातारा माणूस, चष्म्याला दोरी. सगळे त्याला उस्ताद म्हणत. त्याने मला टेबलावरचा एक डबा आणि दुसऱ्याच डब्याचं झाकण दाखवलं. "बैठता क्या? नई बैठता. वैसाच है, बेटी. नळी बदलना, आगे-पीछे का सब मिलाना, फिर जांच के देना."

"आणि जुनी नळी?" मी विचारलं.

"वो सरकार में जमा."

झालं. माझ्या डोक्यात घंटा वाजली. हा माणूस बंदूक पुरती खोलणार, निम्मा माल बाहेर काढणार आणि परत देताना हीच तुमची म्हणून हातात ठेवणार. ओळखायचं कशावरून? मला अनुभव होता. कल्हईला दिलेलं माझं माहेरचं पातेलं एकदा बदलून आलं होतं. माझं जाड बुडाचं गेलं आणि कुणाचं तरी पातळ पत्र्याचं आलं. तेव्हापासून मी घरातल्या चिमट्यावरसुद्धा नाव घालून घेत असे.

त्या आठवड्यात भाचीच्या लग्नात द्यायचे डबे बेगम बाजारातून आणले होते आणि त्यांच्यावर नावं घालायला दुकानाचा माणूस आपलं घर्रघर्र करणारं मशीन घेऊन घरी आला होता. दुपारची वेळ, मामंजी झोपलेले. कपाटाची किल्ली देवघरात असायची. पुढचं लिहायला आज लाज वाटते, पण तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं. डबे संपल्यावर मी रिकामी बंदूक टॉवेलात गुंडाळून त्याच्यासमोर ठेवली.

तो दोन पावलं मागे सरकला. "अम्मा, ये कौनसा बर्तन है?"

"बर्तनच समज. इथे नाव घाल," मी नळीच्या मागच्या अंगाला बोट ठेवून सांगितलं, आणि मामंजींचं नाव सांगितलं.

डब्याचा पत्रा कुठे आणि ते लोखंड कुठे. तिसऱ्याच अक्षराला मशीनची सुई घसरली आणि सरळ शेजारच्या आकड्यांवरून नाचत गेली. मी पाहिलं, पण म्हटलं, असेल काहीतरी इंग्रजांचं. फडक्याने पुसून बंदूक होती तशी कपाटात ठेवली.

चार दिवसांनी मामंजी बंदूक आणि परवाना घेऊन उस्तादकडे निघाले. मी सोबत, पहारेकरी म्हणून. उस्तादने परवाना उलगडला, भिंग घेतलं, नळीवर धरलं. मग परवान्यावर धरलं. पुन्हा नळीवर. मग उठून त्याने दुकानाचं दार लोटून घेतलं. मी मनात म्हटलं, बघा, आता आपल्याला लुटणार. पर्समधली मोठी सेफ्टी पिन मी हातात घेतली.

"नंबर किसने बिगाडा?" त्याने मामंजींना विचारलं.

मामंजींना काहीच कळेना. उस्तादने भिंग त्यांच्या हातात दिलं. परवान्यातल्या आकड्यांपैकी शेवटचे दोन नळीवर वाचताच येत नव्हते. त्यांच्या जागी नुसती टिपक्यांची रांगोळी.

"चोरी के माल पे ऐसाच करते," तो शांतपणे म्हणाला. "मेरेकू ठाणे में खबर देना पडता. फिर बंदूक वापस नई आती."

म्हणजे मी त्याला चोर समजत होते आणि तो आम्हाला. मामंजींनी भिंग पुन्हा नळीवर धरलं. नळीवरची पहिली तीन अक्षरं वाचून त्यांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. स्वतःचं नाव ओळखायला तीन अक्षरं पुरतात.

"मी घातलं," मी म्हणाले. "भांड्यावर घालतात तसं."

"कैकू?" उस्तादने विचारलं.

"तुम्ही बदलून द्याल म्हणून."

"मेरेकू चोर समझे?"

मामंजी बघत होते, खोटं बोलायची सोय नव्हती. "हौ," मी म्हटलं.

त्याने बंदूक पुन्हा स्वतःपुढे घेतली. मग खटका ओढून त्याने बाहेर काढला, त्याच्या दांड्यावरचा नंबर भिंगाखाली वाचला. मग बंदुकीच्या मधल्या लोखंडी अंगावरचा वाचला. दोन्ही परवान्याशी जुळले. "तीन जगा लिखा रहता, बेटी. तुमारे बर्तनवाले कू एकीच मिला, वो भी जमा होनेवाली नळी पे."

पण तेवढ्यावर भागलं नाही. माझा सगळा पराक्रम त्याने माझ्याकडून कागदावर लिहून घेतला आणि तो कागद, बंदूक आणि आम्हा दोघांना घेऊन ठाण्यात गेला. तिथल्या साहेबांनी वाचलं, दोन्ही नंबर स्वतः तपासले, मग कागद घेऊन आतल्या खोलीत गेले. आतून हसण्याचा आवाज आला. बाहेर आले ते कडक चेहऱ्याने, आणि त्यांनी काम करायला परवानगीची सही केली. बंदूक उस्तादकडे ठेवून आम्ही रिक्षाने घरी आलो. दारात चपला काढताना मामंजी म्हणाले, "माझ्या कवळीवर नाव घातलंस का गं?"

खंडेनवमीच्या दोन दिवस आधी उस्तादचा निरोप आला आणि आम्ही दोघं बंदूक आणायला गेलो. नवी नळी काळीभोर, कोरी करकरीत. मला ती बंदूक शेजाऱ्यांची वाटायला लागली आणि तोंड उघडणार होते, पण मामंजींनी डोळे मिटून दस्त्यावरून हात फिरवला. कधीकाळी ती बैलगाडीतून पडली होती, तेव्हाच्या खोकेवर अंगठा थांबला. "हीच," ते म्हणाले.

त्या खोकेच्या वरच्या अंगाला ही चकती होती. मामंजींनीच सांगून बसवून घेतलेली, मला न कळवता. मी वाचलं आणि म्हटलं, "मामंजी, यांनी चुकून माझं नाव घातलंय."

"चुकून नाही. माझ्यामागे हिच्यावर नजर ठेवणारं घरात दुसरं आहे कोण?"

त्या रात्री मला थोडं रडू आलं, ते मी कुणाला दाखवलं नाही. पण स्वभाव तो स्वभाव. खंडेनवमीच्या सकाळी पूजेची भांडी चिंचेने घासता घासता मी पाटावरच्या बंदुकीपाशी गेले आणि चिंचेचं बोट त्या चकतीवरूनही फिरवलं. लखलखली.

मामंजी मागे खुर्चीत बसून बघत होते. "पितळच आहे ना, सूनबाई?"

"आत्ता तरी तसंच दिसतंय," मी म्हटलं.