खिळ्यांचा पट्टा

पिशोरला भिकनच्या घरात, दाराच्या आतल्या बाजूला, एक लोखंडी पट्टा टांगलेला असायचा. कुत्र्याच्या गळ्यात घालायचा. बाहेरून बोटभर लांबीचे खिळे, आतून जुन्या घोंगडीची पट्टी शिवलेली. लांडगा कुत्र्याचा गळा धरतो, म्हणून मेंढपाळ असा पट्टा घालतात. हा पट्टा पाच वर्षं रिकामा होता.

भिकन आज एकसष्ट वर्षांचा आहे. पंचवीस वर्षं तो दिवाळीनंतर मेंढरं घेऊन खाली उतरायचा आणि शहराच्या उत्तरेच्या माळावर, फुलंब्री रस्त्याच्या अंगानं, मेंढरं कोंडायचा वाडा टाकून मुक्काम करायचा. माळावर लांडगे होते. वर्षाला चार-पाच मेंढरं जायची. ऐन तारुण्यात त्यानं पिल्लं आत असताना लांडग्यांची दोन बिळं दगडांनी बुजवली. तसं सगळेच करायचे, हे तो सांगतो. पण दोन हा आकडा कुणी न विचारता सांगतो. पुढं माळाचे प्लॉट पडले, कोंबड्यांच्या शेड आल्या, शेडबाहेर फेकलेल्या मेलेल्या कोंबड्यांवर मोकाट कुत्री वाढली. लांडगे दिसेनासे झाले. त्याचं तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. भिकनलाही नाही.

२०१८ च्या दुष्काळात चारा संपला आणि त्यानं मेंढरं विकली. त्याच माळाच्या एका कडेला अप्पाराव नावाच्या माणसानं प्लॉट पाडले होते. तिथं भिकन राखणीला लागला. त्याच्याजवळ तीन वर्षांचा कुत्रा होता. काळाभोर, पुढचा उजवा पाय पांढरा, नाव फौजदार. अप्पाराव म्हणाला, "कुत्रं नको बुवा. गिऱ्हाईक फाटकातूनच माघारी फिरतं." गावात नेऊन पाहिलं, तर गल्लीतली कुत्री अंगावर आली आणि फौजदारानं त्यांतल्या दोघांना फाडलं. शेवटी भिकननं त्याला माळाच्या पलीकडच्या टोकाला नेऊन सोडलं. सोडताना पट्टा काढून घेतला. झुडपात खिळे अडकतील, कुत्रं जागीच उपाशी मरेल, असं त्याला वाटलं. पुन्हा मेंढरं घेतली तर पट्टा लागेल, असंही वाटलं होतं. हे दुसरं कारण तो लपवत नाही.

घरी आल्यावर बायको बानाबाई म्हणाली, "पट्टा तेवढा आणला व्हय? कुत्रं आणून पट्टा टाकायचा व्हता."

२०२३ च्या सुरुवातीला त्या माळावर लांडग्याची एक मादी दिसली. एकटीच. लांडग्यांचा अभ्यास करणाऱ्या सुकेशनीला माळ ठाऊक असलेला माणूस हवा होता, तिला भिकनचं नाव कळलं. त्यानं चार दिवसांत बीळ दाखवलं. फेब्रुवारीत तीन पिल्लं बाहेर आली. आठ वर्षांनी त्या माळावर लांडग्याची वीण झाली होती. सुकेशनीनं पेढे वाटले. भिकननं पेढा खाल्ला आणि दुर्बीण परत दिली. तीनपैकी एक पिल्लू काळं होतं. त्याचा पुढचा उजवा पाय पांढरा होता.

तो अकरा दिवस गप्प राहिला. बाराव्या दिवशी, बिळाकडं जाताना, म्हणाला, "ताई, ते काळं पिल्लू फौजदाराचं हाय."

"कोणत्या फौजदाराचं?"

"माझ्या कुत्र्याचं. टाकून दिलेल्या."

सुकेशनी थांबली. "भिकनमामा, कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"पिल्लं दिसली त्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही पेढे वाटले व्हते."

पिल्लांच्या विष्ठेच्या तपासणीत तेच निघालं, तिन्ही कुत्र्याचीच होती. माळावर लांडग्याची मादी एकच उरलेली. कुत्रा तिथं राहिला तर पुढची वीणही त्याचीच होणार आणि लांडगा म्हणून जे उरलं आहे तेही जाणार. त्याला आणि पिल्लांनाही तिथून हलवणं भाग होतं. पंधरा दिवस पिंजऱ्यात मटण ठेवलं. फौजदार लांबून बघायचा आणि निघून जायचा.

"मला सोडा एकट्याला," भिकन म्हणाला.

सकाळी तो घोंगडी खांद्यावर टाकून माळावर उभा राहिला. सुकेशनी लांब, जीपमध्ये. मेंढरं राखताना मारायचा तीच हाक त्यानं दिली. तिसऱ्या हाकेला कुत्रा आला. धावत नाही, अंग चोरत. घोंगडी हुंगली आणि पूर्वी बसायचा तसा डाव्या हाताला बसला. भिकननं पट्टा घातला. तो दोन बोटं सैल झाला होता. मादी टेकाडावरून बघत होती. जीप निघाली तशी ती मागं आली, डांबरी रस्त्यापर्यंत.

काळं पिल्लू पकडण्याआधीच त्या रस्त्यावर ट्रकखाली सापडलं. उरलेली दोन पिंजऱ्यात वाढत आहेत. मादी पुढचा सबंध हिवाळा एकटी होती.

"खिळे असते गळ्यात," भिकन म्हणतो, "तर फौजदाराला ठावं राहिलं असतं आपण कोण ते. तिलाबी."

यंदा जानेवारीत सुकेशनी पिशोरला आली. तिच्या फोनवर माळावरच्या कॅमेऱ्याचा फोटो होता, त्यात दोन मोठे लांडगे दिसत होते. नर सिल्लोडकडून आला असावा, असा तिचा अंदाज. सोबत चार पिल्लं. भिकननं फोटो मोठा करून घेतला आणि एकेका पिल्लाचे पाय पाहिले. सोळाही पाय भुरे होते.

"बरं झालं," तो म्हणाला, आणि फोन परत दिला.

अंगणात फौजदार साखळीच्या शेवटच्या कडीपर्यंत जाऊन बसला होता, तोंड माळाच्या दिशेला. बानाबाईनं चहा आणला. "आता तरी काढा त्याच्या गळ्यातलं," ती म्हणाली. "हितं कोणता लांडगा येतोय? माझंच लुगडं फाटतंय रोज."

भिकननं कप खाली ठेवला.

"एकदा काढला व्हता," तो म्हणाला.