करंगळीएवढी पट्टी

गिरणीचा संध्याकाळचा भोंगा वाजला, की तो माणूस फाटकाबाहेर चार पावलांवर थांबायचा. डोक्याचा लाल पटका सोडायचा, दोन्ही हातांनी धरून फटाफट झटकायचा आणि त्यातून उडालेला कापूस वाऱ्यावर जाताना बघत म्हणायचा, "भोंगा त्यांचा, सांज आपली!" मग पटका न बांधता तसाच खांद्यावर टाकून घराकडे निघायचा. पळायचाच म्हणा ना.

बाकीची माणसं फाटकातून कशी बाहेर पडत, ते सोलापुरात त्या दिवसांत राहिलेल्यांना सांगायला नको. पाय ओढत, आणि कानात यंत्रांचा खडखडाट बसलेला असल्यामुळे शेजारच्याशीही ओरडून बोलत. हा एकटाच जत्रेला निघाल्यासारखा.

तो गिरणीत विणकर होता आणि मी कापड तपासणारा कारकून. विणून आलेला ताका उजेडासमोर धरायचा, धागा कुठं सुटला, पट्टी कुठं वाकडी गेली ते हेरायचं आणि खडूनं फुली मारायची, हे माझं काम. दोष शोधण्यात माझी नजर चांगली तयार झाली होती. दुसऱ्यांचे दोष.

सगळे त्याला मामा म्हणत. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा. घरात तेलुगू बोलत, आणि बाहेर किंवा माझ्यासारखा कोणी घरी आला, की आपल्या सोलापूरची मराठी. मला तो 'पंतुलु' म्हणायचा. त्यांच्यात भटाला आणि मास्तराला असंच म्हणतात. मी धड दोन्ही नव्हतो, पण त्याला ते चालायचं.

ओळख झाली ती एका फुलीवरून. मी त्याच्या ताक्यावर फुली मारली, आणि इतर विणकर भांडायला येत तसा हा येईल म्हणून तयारीत बसलो. तो आला, फुलीवर बोट ठेवून म्हणाला, "बरोबर हाय पंतुलु. या जागी माझं ध्यान घरी गेलं होतं."

"घरी काय होतं?"

"हुलग्याचं माडगं हाय की आज! चला, तुमीबी चला."

मी गेलो. कसा गेलो, ते मलाही सांगता येत नाही. मी कोणाकडे जाणारा माणूस नव्हे.

एकच मोठी खोली. तिच्यात दोन हातमाग. मोठा मोडून भिंतीला लागलेला, आणि वडिलांच्या वेळचा धाकटा तेवढा चालू. घरात आई, बायको आणि नऊ-दहा वर्षांची मुलगी. तो आला तसा हातपाय धुऊन थेट मागाखालच्या, पाय सोडायच्या खड्ड्यात उतरला आणि म्हणाला, "हं. आज काय बरं झालं?"

मला वाटलं, मलाच विचारतोय. पण उत्तर मुलीनं दिलं, "शेजारची मांजर व्याली. चार पिल्लं."

"मांजर शेजारची. आपलं काय?"

बायको चुलीपुढून म्हणाली, "माडग्यात आज गूळ नेमका पडलाय."

"ते खाल्ल्यावर कळंल."

मग कोपऱ्यातून म्हातारी म्हणाली, "माझा गुडघा आज दुखला न्हाय."

झालं. मायलेकी नाही नाही म्हणत असताना त्यानं निकाल दिला. "मांजर वर्षातनं दोनदा विते. अम्माच्या गुडघ्याला सुट्टी कवा मिळते?" मुलीनं टोपलीतून पिवळं सूत काढलं, कांडीवर भरलं. धोटा सात-आठ वेळा इकडून तिकडे गेला आणि कापडात करंगळीएवढी पिवळी पट्टी उमटली. मग माडगं.

रोज संध्याकाळी हेच. पाडव्याला ताणा चढवायचा, दिवसाला करंगळीएवढी पट्टी विणायची, आणि पुढच्या पाडव्याला कापड उतरवून, दोन पाट जोडून चादर करायची. वर्षाची एक चादर. ती विकायची नाही, घरातच पांघरायची. तुमच्या-माझ्या घरी कोनाड्यात पंचांग असतं, तसं त्यांचं वर्ष अंगावर असे. आदल्या वर्षाच्या चादरीत पहिल्या हुरड्याची हिरवी पट्टी होती, आणि मुलीचा दात पडला त्या दिवसाची पांढरी. दर नागपंचमीला झोका बांधत, म्हणून त्या दिवशी दोन रंग पिळून घातले होते. कुठल्याही रेघेवर बोट ठेवा, म्हातारी सांगायची.

मी विचारलं, "आणि वाईट झालं तर? काळा घालता?"

"वाईटाला रंग न्हाय, पंतुलु," तो म्हणाला. "वाईट तसंच ध्यानात राहतंय. त्याला सूत कशाला घालवायचं?"

त्यानंतर मी पुष्कळदा जाऊ लागलो. माझ्या घरी मी जेवायचो आणि झोपायचो. बायको-मुलांशी बोलायला विषय सापडत नसे. त्या घरात विषय शोधावा लागत नव्हता. एकदा मी घरी येऊन बायकोला विचारून पाहिलं, "आज काय बरं झालं?" ती घाबरून म्हणाली, "का हो, बरं नाही का वाटत तुम्हाला?"

आता जे सांगायचं ते सांगतो. इतकी वर्षं कुठं लिहिलं नाही.

ओळख झाल्यापासून त्यांच्या पट्ट्यांना लागणारं रंगीत सूत यायचं माझ्याकडून. कांड्यांवर उरलेले पाच-सात हात धागे आमच्या खात्यात एका पोत्यात जमत आणि यंत्रं पुसायला जात. पोतं माझ्या ताब्यात. दर शनिवारी मी त्यातलं मूठभर त्याला देई. गिरणीतून काहीही बाहेर न्यायचं तर फाटकावर चिठ्ठी दाखवावी लागे. पहिल्या दिवशी त्यानं मागितली होती. मीच म्हणालो, "मूठभर चिंध्यांना कसली चिठ्ठी? घेऊन जा."

पंचमीनंतरच्या एका शनिवारी फाटकावर झडती सुरू झाली. पगड्या-टोप्या उतरवून पाहत होते. त्याच्या पटक्यात धागे सापडले. साहेबानं त्याला माझ्या टेबलासमोर आणून उभं केलं, धागे टेबलावर टाकले आणि मला विचारलं, "हे तुम्ही दिलं?"

हेडक्लार्कची जागा त्याच आठवड्यात रिकामी झाली होती. माझं नाव वर गेलं होतं. मी धाग्यांकडे पाहिलं. त्यात एक अंजिरी धागा होता, मीच निवडून घातलेला. मुलीला तो रंग हवा होता.

मी म्हणालो, "मला ठाऊक नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग साहेबाला म्हणाला, "मीच घेतलं." आणि चोर म्हणून त्याला काढलं.

त्या संध्याकाळी मी त्याच्या गल्लीच्या तोंडाशी गेलो. रडारड ऐकू येईल, अशा तयारीनं गेलो होतो. ऐकू आला तो धोटा. तीन-चार फेरे, आणि मग शांत. मी तिथूनच परतलो आणि त्यानंतर सात वर्षं त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. घरी जायला लांबचा रस्ता धरला. हेडक्लार्क मात्र झालो.

त्याची खबर कानावर येत असे. मोडका माग त्यानं दुरुस्त केला, एका व्यापाऱ्यासाठी लुगडी विणू लागला. पण 'चोर' हा शब्द आमच्या गावात कापडाच्या डागासारखा. धुतला तरी उजेडासमोर दिसतो. मुलगी लग्नाची झाली. दोन सोयरिकी आल्या आणि गिरणीत चौकशी करून परत गेल्या.

तिसऱ्या सोयरिकीची चौकशी माझ्याकडे आली. मुलाचा चुलता, उंच, कोरड्या चेहऱ्याचा विणकर, माझ्या टेबलापुढे टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"रावसाहेब, पोरगी आमच्या मनात भरलीय. पण तिच्या बापानं सूत चोरलं म्हणत्यात. तुमच्या खात्यातली गोष्ट. तुमी सांगाल ते खरं धरतो."

शेजारच्या टेबलांवरच्या लेखण्या थांबल्या, तेवढं मला आठवतं.

मी म्हणालो, "चोरी नव्हती. सूत मी दिलं होतं. चिठ्ठी मी दिली नाही, आणि विचारलं तेव्हा खोटं बोललो."

त्यानं हातातली टोपी डोक्यावर घातली. "हे आमच्या पंचांपुढं सांगाल?"

"आत्ता चला."

पारावर दहा-बारा जण जमवले होते. त्यांत गिरणीतले दोघे होते. मी उभा राहून तेच तीन वाक्यांत सांगितलं. एक म्हातारा म्हणाला, "एवढंच बोलायला सात वरसं लागली होय रे बाबा?" त्यावर काही जण हसले. माझं काही हसण्यासारखं नव्हतं, तरी त्या हसण्यानं मला मोकळं वाटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबानं बोलावलं. हेडक्लार्कची खुर्ची गेली, जुन्या तपासणीच्या टेबलावर परत आलो. पण ते नंतरचं. पारावरून उठलो तो मी सरळ त्याच्या घरी गेलो.

तो खड्ड्यात बसला होता. लाल पटक्याचा रंग विटलेला, एका बाजूची किनार उसवलेली. मला पाहून म्हणाला, "अरे, पंतुलु! बसा की. माडगं न्हाय आज, शेंगाचटणी हाय, चालंल?"

मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. त्यानं धोटा खाली ठेवला. म्हातारी, बायको, मुलगी ऐकत होत्या. शेवटी मी म्हणालो, "त्या वर्षाची चादर दाखवा. माझा दिवस मला बघायचाय. तेवढी तरी शिक्षा."

"तुमचा दिवस? कुठला?"

"तो शनिवार."

चादर म्हातारीच्या अंगावरच होती. त्यानं ती तिच्या गुडघ्यांवरून हलकेच ओढून दिव्याजवळ धरली, बोटानं मोजत गेला. "ही पंचमी. झोका. ही पुढची... शनिवार म्हणता? मग ही."

मी काळी रेघ शोधत होतो. बोटाखाली लाल होती. इतरांहून बारीक, करंगळीच्या निम्म्यानं, पण लालभडक.

म्हातारी हसली. "ही व्हय? त्या दिवशी पोरीनं पहिली भाकरी थापली. गोल आली! नकाशा न्हाय, भाकरी!"

मुलगी लाजून मोठ्या मागाआड पळाली.

"पण सूत तर टेबलावर राहिलं होतं," मी म्हणालो. "लाल आलं कुठून?"

त्यानं डोक्याचा पटका नीट केला. उसवलेली किनार माझ्या नजरेसमोर होती.

माझा सगळ्यात काळा दिवस त्या घरात पहिल्या भाकरीचा दिवस होता. सात वर्षं मी ज्याच्या ओझ्यानं लांबचा रस्ता चालत होतो, त्याला त्या चादरीत जागाच नव्हती. मला काय वाटलं ते मी लिहीत नाही. डोळे पुसायला मी पदर नसलेला माणूस. म्हातारीनं तिचा पुढं केला.

"उतरा खाली," तो म्हणाला आणि खड्ड्यातून बाजूला झाला.

"मी? मला विणता येत नाही."

"जलमभर दुसऱ्याचं तपासलंत. आता बसा." मग घराला विचारलं, "हं. आज काय बरं झालं?"

या वेळी कोणी भांडलं नाही. मुलगी मागाआडूनच म्हणाली, "पंतुलु आले." आणि अंजिरी सूत घेऊन बाहेर आली.

मी पावड्यांवर पाय ठेवले. धोटा टाकला तो पलीकडे जाऊन जमिनीवरच पडला. पुन्हा टाकला. धागा ठोकणारी फणी कधी जोरात बसली, कधी बसलीच नाही. पट्टी एका टोकाला करंगळीएवढी झाली आणि दुसऱ्याला अंगठ्याएवढी. मधे दोन धागे सुटले. माझी नजर तयार होती, मला सगळं दिसलं. मी म्हणालो, "उसवा हे. हिच्यावर मी चार फुल्या मारल्या असत्या."

"राहू दे," तो म्हणाला. "घरच्या कापडाला तपासनीस नसतोय."

लग्न झालं, वाजतगाजत झालं. आहेर म्हणून मुलीनं माझी पट्टी असलेली त्या वर्षाची चादर मागून घेतली. पुढे गिरणीचा मुकादम, म्हणजे जॉबर, त्याला परत बोलवायला गेला होता. "नाव साफ झालं, मामा, चल की परत गिरणीत, साच्यावर." हा मागावरून उठलासुद्धा नाही. म्हणाला, "आधी सांज आपली होती. आता सकाळबी आपलीच झालीय. ती कशाला परत देऊ?" ही गोष्ट गिरणीत महिनाभर सांगत होते. मी ती प्रत्येकाकडून पुन्हा ऐकली.

मी माझ्या घरीही रोज विचारू लागलो. बायको आता घाबरत नाही. उलट मी विसरलो तर भांडते.

गेल्या थंडीत मामा गेला. तीन दिवसांचा ताप. शेवटच्या संध्याकाळीही पट्टी चुकली नाही म्हणतात. माहेरी आलेल्या मुलीनं विणली, कशाची ते मी विचारलं नाही.

परवा तिच्या सासरच्या गल्लीतून जात होतो. तिच्या तान्ह्यानं चादर भिजवली होती, म्हणून ती धुऊन तिनं दारातल्या दोरीवर पसरली होती. सकाळचं ऊन आरपार येत होतं, आणि तिच्यात मधोमध माझी अंजिरी पट्टी, आडदांड, वाकडी, सगळ्या गल्लीला दिसेल अशी. आमच्याच गिरणीतला एक तरणा विणकर कामावर जाता जाता थांबला, डोळे बारीक करून बघत म्हणाला, "ताई, चादर झकास हाय. पण ही एक पट्टी कुणी बिघडवली गं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. हसू दाबत होती.

"मी," मी म्हणालो. जरा मोठ्यानंच म्हणालो. "ती मी विणलीय."