वर्लीन ओडमचं गिऱ्हाईक

वर्लीन ओडम होडीच्या टोकाला उभी राहिली की मागं बसलेला माणूस, मग तो डॅलसचा वकील असो की ह्यूस्टनचा तेलवाला, आपोआप पाठ ताठ करून बसायचा. अर्धं आयुष्य तिनं शाळेची बस चालवली होती आणि ती सवय हाडात मुरली होती. "हात आत घ्या. पिशव्या पायाखाली. आणि ज्याला जाऊन यायचंय त्यानं आत्ताच जाऊन यावं," असं ती रोज पहाटे धक्क्यावर बजावायची, आणि पन्नाशीतले बाप्ये गुपचूप जाऊन यायचे.

पूर्व टेक्सासातल्या टर्की बेंड तलावावर गिऱ्हाइकांना बास मासा धरायला नेण्याचा धंदा खरं तर तिच्या नवऱ्याचा, डॉयलचा. मासे असतील तिथं माणसाला न्यायचं, काठी हातात द्यायची, गळाला लागला की फोटो काढायचा आणि मासा पुन्हा पाण्यात सोडायचा. मग डॉयलचे गुडघे गेले. शनिवारची गिऱ्हाइकं आधीच ठरलेली होती. "नाही म्हणून कळव त्यांना," डॉयल पलंगावरून म्हणाला. वर्लीननं फोन उचलला, तसाच खाली ठेवला आणि होडीची किल्ली घेतली. ती किल्ली डॉयलला काही परत मिळाली नाही. आता तो घरी बसून फोन घेतो, चिली, म्हणजे मांसाचं तिखट कालवण, शिजवतो आणि बायकोला हवामानाचा अंदाज सांगतो. ती तो ऐकत नाही.

ती पहिल्यांदा होडी घेऊन निघाली त्या सकाळी आमिषाच्या दुकानात हॉलिस प्रुइट कॉफी पीत उभा होता. तलावावरचा सगळ्यात जुना वाटाड्या. चार लोकांना ऐकू जाईल अशा बेतानं तो म्हणाला, "काय गं वर्लीन, गिऱ्हाइकांना मासे धरून देणार, का बिस्किटं भाजून घालणार?"

"मासे धरून देईन," वर्लीन म्हणाली. "बिस्किटं तुझ्या गिऱ्हाइकांना पाठवते. उपाशी परत येतात बिचारी."

दुकानात जो हशा पिकला तो हॉलिसला झोंबला, आणि तेव्हापासून दोघांचं जे फाटलं ते फाटलंच. तो तिच्या होडीच्या जवळून मुद्दाम जोरात जायचा, लाटा उडवत. ती त्याच्या ठरलेल्या जागी त्याच्या आधी जाऊन बसायची आणि तो आला की हात हलवायची. वर्षानुवर्षं हे चाललं. मग एका पानगळीत हॉलिसनं अचानक होडी विकून टाकली. "कंटाळा आला," एवढंच त्यानं सगळ्यांना सांगितलं. वर्लीनला ते खरं वाटलं नाही. पण विचारणार कोण?

फेब्रुवारीत एका बाईचा फोन आला. मिस्टर रे नावाच्या गृहस्थांना एक दिवस न्यायचंय, एकटेच आहेत, तळ्याची थोडीफार माहिती आहे. डॉयलनं दिवस ठरवला आणि सांगितलं, "नॉर्दर येतोय गं त्याच दिवशी. दुपारपर्यंत उत्तरेचा वारा सुटेल, सगळं गारठून जाईल."

"दुपारपर्यंत ना? मग सकाळी मासे वेड्यासारखे खातील," वर्लीन म्हणाली.

त्या पहाटे हवा अगदी उबदार होती. दक्षिणेकडून ओलसर वारा, ढग पाइनच्या शेंड्यांना टेकलेले. धक्क्यावर एक पिकअप येऊन थांबली. चालवत होती टॉमी लिन, हॉलिसची मुलगी. आणि शेजारच्या सीटवरून, सावकाश, दाराला धरून, हॉलिस रे प्रुइट उतरला.

वर्लीननं हॉलिसला जन्मात कधी दुसऱ्याच्या शेजारी बसून आलेलं पाहिलं नव्हतं. त्याचा उजवा हात जॅकेटच्या खिशात खोल खुपसलेला होता.

"मिस्टर रे," वर्लीन म्हणाली.

"बघत काय बसलीस? उजाडतंय," हॉलिस म्हणाला.

टॉमी लिननं बापाच्या पाठीमागून वर्लीनकडे बघून हात जोडल्यासारखं केलं. वर्लीननं नुसती मान हलवली. मग हॉलिसकडे वळून म्हणाली, "ज्याला जाऊन यायचंय त्यानं आत्ताच जाऊन यावं."

"मला शिकवू नकोस."

पण तो जाऊन आला.

सकाळ मोठी मजेची गेली, म्हणजे वर्लीनला नंतर आठवताना तरी मजेची वाटली. ती उथळ पाण्यातल्या गवताच्या कडेनं होडी नेत होती आणि हॉलिसचं तोंड एक क्षण बंद नव्हतं. डावीकडे घे. एवढ्या जवळ नको. त्या खोडाच्या सावलीत टाक. अगं, त्या नाही, त्या खोडाच्या. सगळं बरोबर सांगत होता, हाच खरा वैताग. पण स्वतः गळ फेकायला उठला की काठी हातात नाचायची, आमिष भलतीकडेच पडायचं आणि रिळावर दोरीचा असा गुंता व्हायचा की बघवत नसे.

"हे रीळ बिघडलंय," हॉलिस म्हणाला.

"हो, सकाळपासून बरं नाही त्याला," वर्लीन म्हणाली, आणि त्याच्या हातून काठी घेऊन गुंता सोडवत बसली. तोवर तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. बसमध्ये कुणा पोराला रडू आलं की ती आरशात बघायची नाही, तसंच.

तिनं दोन मासे धरले. त्यानं एकही नाही.

जेवणवेळेच्या आसपास दक्षिणेचा वारा एकदम पडला. पाणी काचेसारखं झालं. उत्तरेकडे क्षितिजावर काळीनिळी रेघ उमटली होती, जणू कुणी शाईत बोट बुडवून ओढली असावी.

"आला," हॉलिस म्हणाला.

"दिसतोय मला."

"मग पळव की!"

वर्लीननं मोटरचा वेग होता तेवढा वाढवला. पण नॉर्दर त्यांच्याहून जोरात होता. पहिला गार झोत मानेवर बसला, पाठोपाठ लाटा, मग आडवा पाऊस. हायवेच्या पुलाखाली शिरेपर्यंत दोघंही चिंब झाले. पुलाच्या जाड खांबांआड वारा लागत नव्हता. वर होडीपेक्षा मोठे ट्रक धडधडत जात होते. वर्लीननं गॅसची छोटी शेगडी पेटवली, हॉलिसच्या अंगावर डॉयलचा जुना कोट टाकला आणि थर्मासातली चिली वाटीत ओतून त्याच्या हातात दिली.

आता खिशातून हात काढण्यावाचून इलाज नव्हता. चमचा वाटीवर वाजायला लागला. निम्मी चिली कोटावर सांडली. हॉलिसनं वाटी खाली ठेवली.

"कंपवात आहे," तो खांबाकडे बघत म्हणाला. "डॉक्टर म्हणतो, हळूहळू वाढत जाणार. कंटाळाबिंटाळा काही आला नव्हता मला."

"ते माहीत होतं," वर्लीन म्हणाली. "मासेमारीचा कंटाळा येणारा माणूस तू नव्हेस. तुझा कंटाळा आम्हाला येतो, ती गोष्ट वेगळी."

हॉलिस हसला. बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखा, जरा गंजलेला आवाज होता.

"मग माझ्याच होडीत का आलास? तळ्यावर दुसरं कुणी नव्हतं?"

"दुसरे सगळे दया दाखवतील," तो म्हणाला. "तू दाखवणार नाहीस, एवढी खात्री होती."

वर्लीननं चिली मगमध्ये ओतली, त्याच्या हाती दिली आणि म्हणाली, "पी आता. चमच्यानं कशाला खायला हवी? राजवाड्यात बसलायस का?"

पाऊस गेला तेव्हा आभाळ धुतल्यासारखं निळं झालं होतं आणि गारठा नाकाला चावत होता. अशा वेळी बास खोल पाण्यात जाऊन गप्प बसतो, तोंड उघडत नाही. हे दोघांनाही ठाऊक होतं. वर्लीननं परत निघायला किल्लीला हात घातला.

"थोडा वेळ," हॉलिस म्हणाला. "फुकट बसून राहू, पण थोडा वेळ."

तिनं किल्ली सोडली. पुलाच्या पलीकडे, वाऱ्याच्या आडोशाला, धरण भरलं तेव्हा बुडालेलं एक जंगल होतं. मेलेली झाडं अजून पाण्याखाली उभी. ती तिथं होडी घेऊन गेली. इथं फेकायचं काम नव्हतं. दोरीला जड शिसं आणि बोटभर रबरी अळी बांधून होडीच्या कडेवरून सरळ खाली सोडायची, बस्स. समोर मासे शोधायचं यंत्र होतं, त्याच्या पडद्यावर खाली झाडांच्या मध्ये मासे ठिपक्यांसारखे दिसत होते.

वर्लीनची अळी खाली गेली. एक ठिपका थोडा वर आला, थांबला, परत गेला. पुन्हा तेच. हॉलिसची अळी खाली गेली आणि दोन ठिपके उठले. ते पाहून हॉलिसनं श्वास रोखला, डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट आवळलं आणि काठी स्थिर धरली. ठिपके निघून गेले.

"गेले," तो पुटपुटला. हात सैल पडला, काठीचं टोक थरथरायला लागलं. ठिपके परत आले.

वर्लीन पडद्याकडे बघत होती. मग तिनं हॉलिसच्या काठीच्या टोकाकडे बघितलं. मग पुन्हा पडद्याकडे.

"हॉलिस, मनगट सोड."

"काय?"

"हात धरू नकोस. हलू दे त्याला."

त्याचा चेहरा लाल झाला. "थट्टा करतेस माझी? तूसुद्धा?"

"अरे गाढवा, वर बघू नकोस, खाली बघ!" वर्लीन बस चालवतानाच्या आवाजात ओरडली. "तू हलवतोस तसं हलतंय म्हणून येतायत ते! मला बघ, मी लाकडासारखी उभी आहे, माझ्याकडे कुत्रं ढुंकून बघत नाहीये!"

हॉलिसनं मनगट सोडलं. खाली, गार अंधाऱ्या पाण्यात, ती रबरी अळी जागच्या जागी अशी बारीक शहारत राहिली की जणू तिलाच थंडी वाजत होती. मोठा ठिपका वर आला. काठी वाकली.

"जाळी घे!" हॉलिस ओरडला. मग लगेच, "नाही, थांब! काठीला हात लावलास तर पाण्यात ढकलीन!"

वर्लीन जाळी घेऊन उभी राहिली आणि तिनं हात लावला नाही, जरी दोनदा मासा झाडाकडे वळला. हॉलिस रीळ फिरवत होता, फिरवणं चुकत होतं, पुन्हा धरत होता, देवाची आणि डॉक्टरची एकाच वाक्यात आठवण काढत होता. शेवटी पाण्यावर हिरवं रुंद अंग उलटलं आणि तिनं जाळी खाली घातली. केवढी मादी होती! हॉलिसनं तिला दोन्ही हातांनी छातीशी धरलं. त्याचे हात थरथरत होते, मासळीही फडफडत होती, आणि फोटोत दोघांपैकी कुणाचाच चेहरा नीट आला नाही.

त्यानं तिला पाण्यात सोडलं आणि ती दिसेनाशी झाली तरी तिथंच बघत राहिला. वर्लीननं थर्मास उघडायचं निमित्त केलं.

त्यानंतर मात्र त्या माणसानं वात आणला. ऊन उतरेपर्यंत तो मासे काढत होता आणि वर्लीनच्या काठीला एकही लागत नव्हता. ती हात हलवून बघायला लागली. जोरात, हळू, बोटांनी, कोपरानं.

"नाही जमणार तुला," हॉलिस मागं न बघता म्हणाला. "त्याला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं."

वर्लीन इतकी हसली की तिला काठी खाली ठेवून बसावं लागलं.

धक्क्यावर टॉमी लिन काळजीनं फेऱ्या मारत होती. बाप ओला, गारठलेला, कोटावर चिली सांडलेली, आणि तोंडाचा पट्टा सुरू. दुसऱ्या दिवशी आमिषाच्या दुकानात त्यानं सगळी हकीकत सांगितली. हात हलतो म्हणून सरळ सांगितलं, खिशातून काढून दाखवलासुद्धा. फक्त मनगट सोडायला कुणी सांगितलं, तेवढं सांगायचं राहून गेलं. वर्लीनला ते कळलं तेव्हा ती म्हणाली, "बरा होतोय म्हातारा."

पुढच्या आठवड्यात त्यानं स्वतः फोन केला, स्वतःच्या नावानं. उरलेला सगळा हिवाळा, गिऱ्हाईक नसेल त्या दिवशी, तो तिच्या होडीत असायचा. वसंतात मासे उथळ पाण्यात आले, पुन्हा फेकायचं काम आलं, आणि तो नुसता मागं बसून चुका काढायचा. एकदा शहरातल्या एका गिऱ्हाइकानं विचारलं, हे आजोबा कोण? "हा? यानंच मला त्रास देऊन देऊन हे काम शिकवलं," वर्लीन म्हणाली. हॉलिसला मागं ते ऐकू गेलं असावं, कारण त्यानं निदान तासभर एकही चूक काढली नाही.

उन्हाळ्यात त्याच्या हाताचा कंप वाढला. शर्टाची बटणं टॉमी लिन लावायला लागली. डॉक्टरनं औषध वाढवायचं म्हटलं, त्यानं थरथर बरीच कमी होईल म्हणाला. हॉलिसनं विचार केला आणि विचारलं, "फेब्रुवारीनंतर वाढवलं तर चालेल का?"

टॉमी लिननं त्याला दवाखान्यातच झापलं. औषध वाढलं. बटणं तो पुन्हा स्वतः लावू लागला, आणि हात पूर्वीइतका हलेना. पण औषधाचा जोर सकाळी जेवढा असे तेवढा दुपारी उरत नसे, हे त्याच्या चटकन ध्यानात आलं. वर्लीनला त्यानं मोठ्या गंभीरपणे कळवलं की यापुढे खोल पाण्यातलं काम आपण दुपारी करत जाऊ.

"आपण?" वर्लीन म्हणाली.

"मग? तुला एकटीला जमतंय का?"

त्या वर्षी नॉर्दर लवकर आला. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणातली टर्की अजून फ्रीजमध्ये उरलेली होती. वर्लीन अंगणात होडी गाडीला जोडत होती तेव्हा टॉमी लिनची पिकअप वळणावर दिसली, आणि खिडकीची काच खाली करून हॉलिस दुरूनच ओरडून काहीतरी सांगत होता. वाऱ्यात शब्द कळत नव्हते. ती उशीर करतेय असंच काहीतरी असणार.